पानी म्हटलं की नापास



सरळ मुद्द्यावर येतो. शाळेत होते ती भाषेची परीक्षा नसते, ती घराची परीक्षा असते. पोराचं घर पेपर काढणाराच्या घरापासून किती लांब आहे तेवढंच ती मोजते आणि त्या अंतराला मार्क देते. हे मी रागाच्या भरात बोलत नाही. राग आहेच, तो कुठं जाणार? पण जगातल्या भाषाशास्त्रज्ञांनी पन्नास-साठ वर्षांपूर्वी हे पुराव्यानिशी मांडून ठेवलंय. आपल्याकडं ते पुस्तकांच्या कपाटात पडून आहे. आपल्या मोर्चात, निवेदनात, बैठकीत ते कधी आलंच नाही. ते यावं म्हणून हा कागद काळा करतोय.

गोष्ट सोनपेठ तालुक्यातली. एका वस्तीवरच्या शाळेत वाचनाची चाचणी चालली होती आणि मी मदतीला गेलो होतो. शाळेचं नाव सांगत नाही. एका मास्तरावर राग काढून हा प्रश्न सुटणारा नाही. चाचणीच्या पायऱ्या तुम्हाला ठाऊक आहेत : आधी अक्षरं, मग शब्द, मग छोटा उतारा, मग गोष्ट. कार्डावर ओळ होती : 'विहिरीत पाणी नव्हतं म्हणून आजी लांब गेली.' दुसरीतल्या एका पोरीनं कार्ड हातात घेतलं आणि खडाखडा वाचलं, 'हिरीत पानी नव्हतं म्हनून आज्जी लांब गेली.' सरांनी कागदावर फुल्या मारल्या आणि पोरीला खालच्या पायरीवर बसवलं. तिच्या मागनं एक पोरगा आला. त्यानं 'वि... हि... री... त... पा... णी...' असं एकेक अक्षर दगडासारखं उचलून ठेवलं. त्याला एकही फुली नाही.

मी पोराला विचारलं, आजी कामून गेली रे लांब? पोरगा माझ्या तोंडाकडं बघत राहिला. मग पोरीला विचारलं. ती म्हणाली, 'हिर आटली न्हवं का! मंग काय करंल? आमची माय बी जाती की.'

आता सांगा, वाचता कुणाला येतं?

नीट विचार करा. कार्डावर 'विहीर' होतं आणि पोरीच्या तोंडातून 'हीर' निघाली. कार्डावर नसलेली ही 'हीर' आली कुठून? पोरीच्या डोक्यातून आली. म्हणजे तिनं अक्षरं बघितली, त्यांचा अर्थ घेतला आणि तो अर्थ आपल्या घरच्या बोलीत बाहेर काढला. यालाच तर वाचन म्हणतात! केनेथ गुडमन नावाच्या अमेरिकन संशोधकानं १९६० च्या दशकापासून मुलांचं मोठ्यानं वाचणं ऐकून नेमकं हेच मांडलं. छापलेल्या शब्दाऐवजी मूल दुसरं काही म्हणतं, तेव्हा ती नुसती चूक नसते, मूल अर्थ कसा लावतंय ते बघायची ती खिडकी असते. मूल आपल्या बोलीत वाचत असेल तर ते समजून वाचतंय. सरांनी अर्थ समजल्याच्या खुणेवरच फुली मारली. ज्याला काही समजलं नाही तो पास झाला, जिला समजलं ती नापास.

आणखी एक गंमत बघा. हीच पोरगी हिंदीच्या तासाला 'पानी' म्हणाली तर शाबास. मराठीच्या तासाला तोच न, तेच तोंड, तीच पोरगी, आणि अशुद्ध! न या ध्वनीत घाण असती तर सगळा उत्तर हिंदुस्थान अशुद्ध ठरला असता. तेव्हा घाण ध्वनीत नाही. तो कुणाच्या तोंडातून निघतो त्यावर शुद्ध-अशुद्ध ठरतं. हे शब्द आपल्याला नवे आहेत का? शुद्ध, अशुद्ध, विटाळ... पाणवठ्यावरचेच शब्द आहेत हे! पाणवठा कायद्यानं मोकळा झाला तेव्हा ते उठून मराठीच्या तासात येऊन बसले. चवदार तळ्याचं पाणी आपण १९२७ साली प्यालो. 'पाणी' या शब्दावरचा पहारा अजून उठलेला नाही.

माझंच सांगतो. माझे माय-बाप ऊसतोडीला जायचे. दिवाळी झाली की मुकादमाची उचल फेडायला कोयता निघायचा, कधी पश्चिम महाराष्ट्रात, कधी कर्नाटकात. मी कोपीत राहायचो. कर्नाटकातल्या दोन हंगामांत मी बाजारापुरतं कन्नड शिकलो, कुणी शिकवलं नाही. सोनपेठच्या बाजारात दखनी कानावर होतीच. शेजारच्या तांड्यातल्या दोस्तांची गोरमाटीही बरीचशी कळायची. सण करून गावी परतलो की शाळेत परीक्षा लागलेली असायची. एकदा गुरुजींनी उभं करून विचारलं, 'कुठं होतास इतके दिवस?' मी म्हणालो, 'म्या कारखान्याला गेल्तो, गुर्जी.' सगळा वर्ग हसला. गुरुजीही हसले. त्यांनी मला ते वाक्य शुद्ध करून दहा वेळा लिहायला लावलं. 'मी कारखान्याला गेलो होतो.' दहा वेळा. कारखान्याला का गेलो होतो ते एकदाही विचारलं नाही.

त्या वर्षापासून मी वर्गात बोलायचं सोडलं. पुढं प्रगतिपुस्तकात शेरा आला : 'अबोल. भाषेत कच्चा.' मराठी, कन्नड, दखनी, गोरमाटी, चार भाषांच्या बाजारात उभं राहून हिशेब करणारा पोरगा भाषेत कच्चा!

आता जरा लांब चला, न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये. आपल्या पँथरनं १९७२ साली ज्यांच्यावरून नाव घेतलं त्या काळ्या माणसांची ही वस्ती. १९६० च्या दशकात तिथले मानसशास्त्रज्ञ म्हणत होते की काळी पोरं शाळेत येतात तेव्हा त्यांच्याकडं भाषाच नसते. पुरावा काय, तर चाचणी. पोराला खोलीत नेलं, टेबलावर खेळणं ठेवलं आणि मोठ्या गोऱ्या माणसानं विचारलं, सांग, हे काय आहे? पोरगा गप्प. लिहा, भाषा नाही! विल्यम लबाव या भाषाशास्त्रज्ञानं १९६९ साली या सगळ्या थोतांडाला उत्तर दिलं. त्याच्या लेखात लिऑन नावाचा आठ वर्षांचा पोरगा आहे. त्याच्याशी बोलणारा माणूस काळाच होता, हार्लेममध्येच वाढलेला होता, तरी लिऑन हं-नाहीच्या पुढं जाईना. मग त्या माणसानं काय केलं? बटाट्याच्या वेफरची पिशवी आणली, लिऑनचा जिवलग दोस्त ग्रेगरी याला सोबत घेतलं, खुर्ची सोडून स्वतः जमिनीवर बसला आणि मास्तरांसमोर काढता येत नाहीत असे शब्द स्वतःच काढले. झालं! दोघं पोरं एकमेकांचं वाक्य तोडून बोलायला लागली, भांडायला लागली.

याचा अर्थ गप्प बसणं पोराच्या डोक्यात नव्हतं, ते खोलीत होतं. यातली एक गोष्ट आपण विशेष ध्यानात ठेवायची. विचारणारा काळा होता तरी पोरगा गप्पच होता. नुसता 'आपला माणूस' खुर्चीत बसवून भागत नाही. आपल्यातले किती जण मास्तर झाले, केंद्रप्रमुख झाले, साहेब झाले! खुर्चीत बसल्यावर त्यांच्याही तोंडून 'पानी नाही रे, पाणी म्हण' हेच निघतं, आणि इतरांपेक्षा जोरात निघतं. कारण त्यांना स्वतःच्या मायच्या बोलीची लाज वाटते. शहरात बंगला बांधला की माय पाहुण्यांसमोर बोलू नये म्हणून तिला आतल्या खोलीत बसवणारे आपलेच लोक मी पाहिलेत. हा विटाळ आपण स्वतःच्या घरात पाळतोय. त्याला कोणता कायदा लावणार?

लबावच्या लेखानंतर प्रकरण कोर्टातही गेलं. मिशिगन राज्यात ॲन आर्बर नावाचं गाव आहे. तिथल्या मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नावाच्या शाळेत गरीब वस्तीतल्या काळ्या पोरांना मंद, शिकायला असमर्थ असे शिक्के मारले होते. त्यांच्या माय-बापांनी दावा लावला. १९७९ साली न्यायाधीश जॉइनर यांनी निकाल दिला. त्याचा मथितार्थ असा : पोरांच्या घरच्या भाषेत अडथळा नाही, त्या भाषेकडं बघायच्या शिक्षकांच्या नजरेत अडथळा आहे. आधी शिक्षकांना ती भाषा ओळखायला शिकवा, मग पोरांना वाचायला शिकवा. त्याच १९७९ साली कॅलिफोर्नियात लॅरी पी. खटल्याचा निकाल लागला आणि बुद्ध्यंक चाचणीच्या आकड्यावरून काळ्या पोरांना मतिमंदांच्या वर्गात टाकायला मनाई झाली.

आपल्याकडं असा एक तरी दावा लागलाय का? आरक्षणाच्या जागांसाठी आपण कोर्टात गेलो, जावंच लागतं. पण त्या जागेपर्यंत पोचायच्या आधीच पहिली-दुसरीत आपली पोरं ज्या गाळणीतून गळतात, त्या गाळणीवर आपण अजून बोटही ठेवलेलं नाही.

कुणी म्हणेल, चाचणी तर निष्पक्ष असते, सगळ्यांना एकच पेपर. बाबांनो, एकच पेपर हेच तर हत्यार आहे. ऑस्ट्रेलियानं १९०१ साली कायदा केला की बाहेरून येणाऱ्यानं पन्नास शब्दांचं श्रुतलेखन करून दाखवावं, आणि तेही अधिकारी सांगेल त्या युरोपीय भाषेत. गोरा नसलेला माणूस देशात शिरू नये हा हेतू, पण कायद्यात रंगाचं नावसुद्धा नाही! १९३४ साली एगॉन किश हा फॅसिझमविरोधी लेखक तिथं उतरला. त्याला बऱ्याच भाषा येत होत्या, म्हणून त्याची परीक्षा स्कॉटिश गेलिक भाषेत घेतली. अर्थात नापास. ही श्रुतलेखन परीक्षा १९५८ पर्यंत कायद्यात होती. अमेरिकेच्या दक्षिणेत काळ्यांना मतदानापासून लांब ठेवायला साक्षरतेची परीक्षा वापरली, ती १९६५ च्या मतदान हक्क कायद्यानं मोडून काढावी लागली. दाराला कुलूप लावलं तर लोक ओरडतात. परीक्षा लावली तर आपलीच पोरं म्हणतात, आमचाच अभ्यास कमी पडला.

आपल्या मराठीचं कुलूप बघा. १९६२ साली शुद्धलेखनाचे नवे नियम आले, पुष्कळसे अनुस्वार गेले, लिहिणं सोपं झालं म्हणतात. झालंही असेल. पण एक मेख तशीच राहिली. 'गरीब' मधली री दीर्घ, 'गणित' मधली णि ऱ्हस्व. 'ऊन' दीर्घ, 'गुण' ऱ्हस्व. का? तर गणित आणि गुण हे शब्द संस्कृतातून जसेच्या तसे आलेले, त्यांना संस्कृतचा नियम. बाकीच्यांना मराठीचा. कानाला काही कळत नाही. आधी शब्दाचं कूळ ओळखा आणि मग वेलांटी द्या! म्हणजे मराठी लिहायची तर संस्कृत ठाऊक पाहिजे. आणि संस्कृत कुणाला ठाऊक? एल्फिन्स्टन हायस्कुलात बाबासाहेबांना संस्कृत घेऊ दिलं नाही, त्यांना फारसी घ्यावी लागली. जी भाषा आपल्या बापाला नाकारली, तिच्यावरून आज आपल्या लेकरांच्या मराठीचे मार्क कापतात. पुढं बाबासाहेब संस्कृत शिकले, पाली शिकले, पालीचा कोशही त्यांनी रचला. तो त्यांच्या समग्र लेखनाच्या १६ व्या खंडात आहे. कुलूप कसं उघडायचं ते त्यांनी दाखवलं. पण प्रत्येक पोराला बाबासाहेब व्हायला लावणारी व्यवस्था न्यायाची कशी?

उलटी परीक्षाही एकदा होऊन गेली आहे. १९७२ साली नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला. प्रस्तावना लिहायला विजय तेंडुलकर, मराठीतला केवढा मोठा लेखक! आणि तेंडुलकरांनी मोकळ्या मनानं सांगून टाकलं की यातले कितीतरी शब्द आपल्याला कळत नाहीत. त्यांचा हा प्रामाणिकपणा मी मानतो. पण मला सांगा, तेंडुलकरांना कुणी 'भाषेत कच्चे' म्हटलं का? कामाठीपुऱ्याची मराठी त्यांना येत नव्हती, तरी ते पास. सदाशिवपेठेची मराठी आपल्या पोराला येत नाही, तर ते नापास. अंतर दोन्हीकडून तेवढंच आहे, मोजपट्टी मात्र एकाच्याच हातात.

या मोजपट्टीनं २०१५ साली नवा शब्द दिला. 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' आला, पायाभूत चाचण्या आल्या आणि शाळाशाळांतून 'अप्रगत' मुलांच्या याद्या निघाल्या. हेतू चांगला असेल, मूल शिकलंच पाहिजे हे आम्हीही म्हणतो. पण याद्या वाचा आणि त्यातली घरं मोजा. अस्पृश्य, मागास आणि आता अप्रगत! आणि २०२३ च्या डिसेंबरात राज्यानं पाचवी-आठवीची वार्षिक परीक्षा परत आणली. त्यात नापास, पुन्हा घेतली त्यातही नापास, तर पोरगं त्याच वर्गात. ऊसतोडीवरून फाल्गुन-चैत्रात परतलेल्या पोराला एकदा वर्गात ठेवलं की पुढच्या दिवाळीला तो मोळ्या बांधतो. मग कोयता आहेच. पोरगी असली तर तिचं लगीन. मार्काची एक फुली एवढ्या लांब जाते, दोस्तांनो. म्हणून मी 'पानी'वर एवढा अडून बसलोय.

आता तांड्यावर या. सोनपेठ भागात लमाण-बंजाऱ्यांचे तांडे पुष्कळ. तिथल्या पोराची घरची भाषा गोरमाटी, ती मराठीची बोलीसुद्धा नव्हे, वेगळी भाषा. पहिलीत पाऊल टाकलं की त्याच्यासाठी सगळं परकं. आणि सरकारच्या लेखी ही भाषा काय? २०११ च्या जनगणनेत लमाणी-लंबाडी बोलणारे देशभर ३२ लाखांवर मोजले आणि टाकले हिंदीच्या खात्यात! जिवंत भाषा दुसरीच्या पोटात घालून तिची संख्या फुगवायची.

आपल्या राज्यात बहुभाषिक गाव ही काही नवलाई नाही. सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडचा अभ्यास जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ साली छापला आणि जगभरचे भाषाशास्त्रज्ञ आजही त्याचा दाखला देतात. जमीनवाल्या जैनांचं कन्नड, मुसलमानांचं उर्दू, दोर वळणाऱ्यांचं तेलुगू, आणि अस्पृश्य व भूमिहीन मजुरांची मराठी. शेकडो वर्षं शेजारी राहून या भाषांची व्याकरणं एकमेकींच्या इतकी जवळ आली की वाक्याची बांधणी एक आणि शब्द तेवढे वेगळे. लोकांनी एकमेकांची भाषा आपलीशी केली, पण आपली सोडली नाही. बारकाईनं बघा, ती मराठी तिथं कुणाची आहे? ज्याच्याजवळ जमीन नाही त्याची. संशोधकाला आमची भाषा सापडते, तर परीक्षकाला का सापडू नये?

आता या लेखाचा खरा मुद्दा.

मराठवाडा निजामाच्या राज्यात होता तेव्हा वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू. उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली निघालं ते उर्दू माध्यमाचं. मराठी लेकराला परक्या भाषेत शिकवणं हा अन्याय आहे, त्यानं बुद्धी खुंटते, हे तेव्हा मराठवाड्यातले सगळे शिकलेले लोक म्हणत होते, आणि बरोबर म्हणत होते. १७ सप्टेंबर १९४८ ला निजाम गेला. २०२५ च्या एप्रिलात सरकारनं पहिलीपासून हिंदी सक्तीची केली, तेव्हा पुन्हा हाच आवाज उठला. लहान पोरावर परकी भाषा लादू नका, शास्त्र सांगतं! महाराष्ट्र पेटला, आणि २९ जूनला सरकारनं आदेश मागं घेतले. मीही त्या विरोधात होतो. पण त्या वेळी ज्यांनी शास्त्र सांगितलं त्यांना माझा एकच सवाल आहे. निजामाच्या उर्दूला लावलेला न्याय, हिंदीला लावलेला न्याय, तोच तुम्ही गोरमाटीला का लावत नाही? आमच्या 'हिरी'ला का लावत नाही? लादणारा दिल्लीचा असला तर अन्याय, आणि लादणारे तुम्ही असलात तर संस्कार? ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, पेढे वाटले गेले. अभिजात झाली ती कुणाची मराठी? ऊस तोडताना माझी माय बोलते ती त्यात धरली आहे का?

आता आपल्या माणसांशी भांडतो. परवाच्या बैठकीत एक मित्र म्हणाला, 'हे बोलीचं लचांड सोड. आपल्याला इंग्रजी पाहिजे. इंग्रजी आली की बामणी मराठीचा प्रश्नच मिटला.' मला त्याचा राग आला नाही. इंग्रजीची भूक मला कळते. बाबासाहेब इंग्रजीच्या जोरावर जगाशी बोलले, फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढं निवेदन दिलं तेही इंग्रजीतून. इंग्रजी आपल्याला पाहिजेच, आणि चांगली पाहिजे. पण इंग्रजी मिळवायची कशी? आपली भाषा सोडून? पश्चिम आफ्रिकेत नायजेरियाच्या इफे इथं १९७० साली प्रयोग सुरू झाला. काही मुलांना सहा वर्षं त्यांच्या योरुबा भाषेतून शिकवलं आणि इंग्रजी एक विषय म्हणून नीट शिकवली. बाकीच्यांना वरच्या वर्गांत इंग्रजीतून शिकवलं. योरुबातून शिकलेली मुलं इतर विषयांत सरस ठरली आणि इंग्रजीतही मागं राहिली नाहीत. आपल्याच देशात ओडिशानं २००६-०७ पासून दहा आदिवासी भाषांतून पहिलीचे वर्ग सुरू केले. पाया आपल्या भाषेचा असला की दुसरी भाषा उभी राहते. तालुक्याच्या गावी चार खोल्यांवर 'इंग्लिश स्कूल'ची पाटी लावून आपल्या मजुरांकडून फी उकळतात, तिथं पोराला ना मराठी येते ना इंग्रजी. हे दुहेरी मुकेपण आहे. त्यासाठी बाप उचल घेतो.

आणि बाबासाहेबांचं उदाहरण द्यायचं तर पुरतं द्या. कोलंबियात शिकून आलेल्या माणसानं ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' काढला तो मराठीत. कारण ज्यांना उठवायचं ते मराठी बोलत होते. भगवान बुद्धांकडं ब्राह्मण कुळातले दोन भिक्खू गेले आणि म्हणाले, तुमचं वचन छंदस्‌मध्ये बांधू द्या, लोक आपापल्या बोलीत ते बिघडवतात. तथागतांनी ते नाकारलं. विनयपिटकात लिहिलेलं आहे हे. अडीच हजार वर्षांपूर्वी ज्या धम्मानं शुद्धलेखनवाल्यांना परत पाठवलं, त्या धम्माचे आपण लोक आहोत.

उलट टोकाला जाऊन 'बोलीच खरी, प्रमाण मराठी फेकून द्या' असं म्हणणारेही आपल्यात आहेत. त्यांनाही माझा विरोध आहे. अर्ज प्रमाण मराठीत लिहावा लागतो, सातबारा वाचावा लागतो, स्पर्धा परीक्षा द्यावी लागते. ती भाषा आपल्या पोराला आलीच पाहिजे, मास्तराच्या पोराइतकी आली पाहिजे. फरक एवढाच की ती दुसरी भाषा म्हणून शिकवा. 'तुझं चूक, माझं बरोबर' असं नव्हे, 'तुझ्या घरी हीर, पुस्तकात विहीर, दोन्ही तुझे' असं शिकवा. मायची बोली मारून नको, तिच्या खांद्यावर चढून पाहिजे.

म्हणून मागण्या मांडतो. तपासा, भांडा, दुरुस्त करा :

१. वाचनाच्या चाचणीत उच्चार आणि समज वेगळे मोजा. घरच्या बोलीत उच्चारलेल्या शब्दावर फुली मारू नका.

२. गोष्टीचा अर्थ मुलाच्या बोलीत विचारा आणि उत्तर त्याच बोलीत घ्या.

३. तांड्यावरच्या शाळेत पहिली तीन वर्षं गोरमाटी जाणणारा शिक्षक किंवा मदतनीस द्या. गोरमाटीतून चाचणी घेतल्याशिवाय कुठल्याही पोराला अप्रगत ठरवू नका.

४. गणित, विज्ञान, इतिहासाच्या पेपरात वेलांटी-उकाराचे मार्क कापणं बंद करा.

५. ऊसतोडीहून परतलेल्या पोरांची परीक्षा आल्या आल्या घेऊ नका. आधी शिकवा.

६. डी.एड., बी.एड.च्या अभ्यासात त्या त्या जिल्ह्याच्या बोली आणा. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्थेनं मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण केलंय. सरकारच्या खर्चानं झालेलं ते काम वर्गापर्यंत न्या.

निवेदन दिलं, फोटो काढला, घरी गेलो, असं करायचं नाही. प्रत्येक गावात दोन पोरांनी एवढं काम घ्यावं. एक वही घ्या आणि पानाचे दोन भाग करा. डाव्या बाजूला पुस्तकातला शब्द, उजव्या बाजूला आपल्या वस्तीतला, तांड्यावरचा. विहीर — हीर. का — कामून. माझं — मपलं. जातो आहे — जाऊलालो. चाचणीच्या दिवशी शाळेत जाऊन बसा. भांडू नका, मास्तरांना आधी नमस्कार करा. कुठल्या शब्दावर फुली पडली ते वहीत टिपा आणि त्या पोराला गोष्टीचा अर्थ विचारून तोही टिपा. अशा पाचपंचवीस वह्या जमल्या की सोनपेठपासून परभणीपर्यंत कुणाच्याही टेबलावर आपटता येतील. लबावनं हार्लेममध्ये हेच केलं, जमिनीवर बसून पोरांचं ऐकलं. आपल्याला तर जमिनीवर बसायला शिकावंही लागणार नाही.

त्या दिवशी चाचणी संपल्यावर ती दुसरीतली पोरगी माझ्या मागं मागं फाटकापर्यंत आली. म्हणाली, 'काका, म्या वाचलं न्हवं बराबर?' मी म्हणालो, 'व्हय बाई, तू बराबर वाचलं.' पण माझ्या 'व्हय'ला शाळेत किंमत नाही. सरांच्या कागदावर फुली आहे.

तो कागद बदलेपर्यंत गप्प बसायचं नाही.

जयभीम.